देवीच्या नावावर खपविलेली हयगय

शिरगावच्या श्रीलइराई देवीच्या जत्रेत ३ मे २०२५ रोजी पहाटे उताराच्या वाटेवर चेंगरून सहा भाविक गतप्राण झाले. अशा प्रसंगी ‘देवीची इच्छा!’ हा उद्गार शोकाकुलांच्या मुखी आला, तर त्यास कोणी बोल लावू नये. व्यवस्थापकांच्या मुखी मात्र तो शोभत नाही.

वाजवी दूरदृष्टी ठेवूनही जे टळले नसते, तीच कायद्याच्या दृष्टीने दैवी आपत्ती. ही जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. तिथी पंचांगात आधीच छापलेली. वाट किती रुंद, उतार कोठे, हे महाजनांना बालपणापासून ठाऊक. मग अकस्मात् असे आले तरी काय? मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक माणसे मेली. तेथेही पौष पौर्णिमा ठरलेली होती, अरुंद वाट ठरलेली होती आणि तिच्या कडेची दुकानेही!

वाहनांची कथा तर याहून लाजिरवाणी. पुरीस २९ जून २०२५ रोजी गुंडिचा मंदिरापाशी तिघे दगावले. रथांजवळच्या गर्दीत साहित्याचे ट्रक शिरले, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. आपण मात्र त्यातून काही शिकलो नाही. जत्रेचा रस्ता एकच. त्यावरूनच अनवाणी भक्त, त्यावरूनच मोटारी, आणि दोहों बाजूंस पावणीत दिलेली खाज्या-खेळण्यांची दुकाने. वृद्धांसाठी म्हणून मोटारी महाद्वारापर्यंत सोडतात म्हणे. प्रत्यक्षात त्यांतून उतरतात ते धडधाकट मानकरी.

सार्वजनिक रस्ता अडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ अन्वये दंड फार तर ५००० रुपये. पावणीच्या रकमेपुढे तो कोणाच्या खिजगणतीत असणार? निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल कलम १०६ आहे खरे; पण चेंगराचेंगरीत कोणाचा पाय कोणावर पडला, हे साक्षीपुराव्याने सहसा सिद्ध होत नाही. मोटारी आत सोडण्याचे परवाने कोणी दिले, रस्त्यावरील जागा कोणी विकल्या, हे मात्र कागदोपत्री असते. गोव्यात मामलेदार हेच देवस्थानांचे प्रशासक; ते कागद त्यांनी मागवावेत, आणि मागवीत नसतील तर आपण महाजनांनी मागावेत.

सर्वांची वाहने गावाबाहेर थांबवावीत, चढण्याची व उतरण्याची वाट वेगळी असावी आणि रुग्णवाहिकेसाठी एक मार्ग मोकळा ठेवावा, एवढीच सूचना मी एका देवस्थानाच्या सभेत मांडली होती. पहिला प्रश्न आला, ‘मग मंत्र्यांची मोटार कोठे थांबवावयाची?’ त्यावर पाऊण तास चर्चा झाली. रुग्णवाहिकेचा विषय पुढील सभेवर गेला.