रुसायचा हक्क

मित्र टीव्हीसमोरून उठत नाही, मोबाइलच्या गेममधून मान वर काढत नाही, याचा राग आला की आपण लगेच समाजचिंतक होतो. 'तू नव्हतास, संध्याकाळ फुकट गेली' हे सांगायची लाज वाटते, म्हणून त्याच्या डोळ्यांची, झोपेची आणि शेवटी देशाच्या भवितव्याची काळजी करू लागतो. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या पानठेल्यावर उभे राहा, नाहीतर अकोल्याच्या गोरक्षण रोडवरच्या चहाच्या टपरीवर. 'आजकालचे पोट्टे मोबाइलमध्ये घुसून रायले' हे वाक्य ऐकू येणारच, आणि बोलणाऱ्याचा अंगठाही तेवढ्यात काचेवर सरकत असतो. मला हा राग रास्त वाटतो. पण त्याच्या बाजूने आपण जे युक्तिवाद करतो, त्यांतले बहुतेक पोकळ आहेत. ते आधी आपणच मोडून टाकावेत, कारण आपण नाही मोडले तर मित्र मोडेल आणि पुन्हा गेम लावून बसेल.

पहिला युक्तिवाद 'आमच्या काळी' या शब्दांनी सुरू होतो. अमरावतीकराकडे त्यासाठी भरपूर भांडवल आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं तिथे करून दाखवली. एवढं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो. पण बर्लिनला गेले ते मूठभर, त्यांचं कौतुक सांगत ओट्यावर बसले ते बाकी सगळे. त्या बाकीच्यांचे वंशज आपण आहोत. हव्याप्र मंडळाच्या मैदानाचा मोठेपणा आपल्या खात्यावर जमा करून मित्राला हिणवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि जुन्या काळाचा हिशेबच काढायचा तर वऱ्हाडाने जरा जपून बोलावं. ज्याला आपण मटका म्हणतो त्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना निघणारे भाव मुंबईला कळवले जात आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते आकडे येणं थांबलं, तर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. म्हणजे कापूस नसला तरी आकडा चालेल, एवढी त्या खेळाची भूक पक्की झाली होती. पुढे ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्या आपल्या कापूसपट्ट्यातल्या पानठेल्यांवरही फाटू लागल्या. वरली मटक्यावर छापा पडल्याची बातमी इथल्या वाचकाला इतकी सवयीची आहे की तो ती वाचत नाही, फक्त आपल्या गावाचं नाव आहे का एवढं बघतो. हे सगळं मोबाइल येण्याच्या आधीचं आहे.

टीव्हीचंही तसंच. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवार सकाळचे रस्ते ओस पडले. आता आपण सांगतो की तेव्हा टीव्ही माणसं जोडत होता, वीस-पंचवीस जण एका खोलीत बसत होते. बसत होते खरे, पण गल्लीत टीव्हीच एक होता म्हणून. घरोघरी टीव्ही असता तर आपणही आपापल्या दिवाणावर लोळत पाहिलं असतं. त्या गर्दीचं श्रेय द्यायचंच तर दार उघडं ठेवणाऱ्या त्या घराला द्यावं, ज्याच्या सतरंजीवर साऱ्या गल्लीच्या धुळीचे पाय उमटायचे.

दुसरा युक्तिवाद दवाखान्याचा. 'तुला व्यसन लागलंय' असं आपण सहज म्हणून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदवला आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, हे खरं. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा राहिलेला नसावा, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर खेळ गेलेला असावा, नुकसान होत असूनही तो चालूच राहावा, आणि हे साधारणपणे वर्षभर दिसावं. तुमचा मित्र सकाळी वेळेवर कामावर जातो, बँकेचा हप्ता भरतो, लेकीला शाळेत सोडतो. फक्त तुमच्याकडे येत नाही. हा आजार नव्हे. त्याला रोगी ठरवलं की आपली सुटका होते, कारण रोग्यावर कोणी रुसत नाही. जो खरोखर आजारी आहे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावं, तिथे या लेखाचा उपयोग नाही.

तिसरी गल्लत मात्र महागात पडणारी आहे. गंमत म्हणून खेळायचे गेम आणि पैसे लावून खेळायचे गेम आपण एकाच पोत्यात भरतो. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ३१ ऑगस्ट २०२३ रोजी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं, ते ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीवरून. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. आंदोलनाची पद्धत कोणाला आवडो न आवडो, बोट योग्य जागी ठेवलं होतं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा सांगतो, पण खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. ई-स्पोर्ट्स आणि साध्या गेमना तर उलट प्रोत्साहन देतो. जो फरक कायद्याला कळला तो पानठेल्यावर कळायला हरकत नसावी. (या कायद्याच्या महिनाभर आधी राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर रमी खेळतानाचा म्हणून व्हिडिओ गाजला. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं. वऱ्हाडात यावर जे विनोद झाले ते छापण्यासारखे नाहीत.)

पैशाचा खेळ मैत्रीचं काय करतो, हे मला २७ मे २०२५ च्या रात्री दिसलं. आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध बंगळुरूला २२८ धावा हव्या होत्या आणि अमरावतीचा जितेश शर्मा ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढून सामना घेऊन गेला. आम्ही सगळे एका घरात टीव्हीसमोर होतो आणि त्या रात्री टीव्हीला नावं ठेवणारा माणूस शहरात सापडला नसता. आपल्या गावचा पोट्टा षटकार मारून राहिला होता. आमच्यातला एक मात्र प्रत्येक षटकाराला कळवळत होता. त्याने एका ॲपवर पैसे लावून जी टीम बनवली होती तिच्यात लखनौचे बोलर होते. साऱ्या खोलीच्या आनंदात त्याचा तोटा होत होता, आणि तो गुणांचा तक्ता पाहत होता, सामना पाहतच नव्हता. आम्ही एकाच सतरंजीवर बसून दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. माझी तक्रार नेमकी तिथे आहे. पडदा तर आमच्या सगळ्यांच्याच समोर होता.

आता मित्राचं म्हणणं ऐकू, कारण त्याच्याकडेही मुद्दे आहेत आणि काही आपल्यापेक्षा बरे आहेत.

तो म्हणतो, बाहेर कुठे जाऊ? अकोल्यात हा प्रश्न विनोदाने घ्यायचा नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना 'मैदानावर जा' असं सांगणारा एकतर कूलरसमोर बसलेला असतो, नाहीतर पुण्यात. दुपार पडद्याला दिली, मंजूर. पण वऱ्हाडात मे महिन्यातही संध्याकाळ होते आणि दिवाळीनंतर तर थंडी पडते. उन्हाची सबब डिसेंबरात चालत नाही.

तो म्हणतो, मी एकटा कुठे आहे? हा त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा. आमच्याकडची निम्मी वर्गमैत्री पुण्याला नोकरीला गेली. दहावीत एका बाकावर बसलेले चौघं आज एक हिंजवडीत, एक बंगळुरूत, एक बडनेऱ्यात आणि एक अकोटात, रात्री दहा वाजता एका गेममध्ये भेटतात. कानात हेडफोन घालून गोळ्या झाडता झाडता एकमेकांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. ही मैत्रीच आहे. ती खोडून काढायला माझ्याकडे काही नाही आणि मला ती खोडायचीही नाही.

पण ह्याच मुद्द्याची दुसरी बाजू त्याला दाखवायला हवी. हाक मारली की तो म्हणतो, 'थांब न बे, आता सोडलं तर टीम मरते.' ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, चौघांतला एक उठला की तिघं उघडे पडतात, म्हणून तो पोटात भूक असली तरी उठत नाही. म्हणजे माणसांना अर्धवट सोडून जाऊ नये, हे त्याला नीट कळतं. टीममध्ये कधी आलेल्या इंदूरच्या न पाहिलेल्या खेळाडूसाठीही त्याला ते कळतं. माझं बोलणं मात्र तो वाक्याच्या मध्येच सोडतो, 'हं, हं, बोल न, ऐकून रायलो' म्हणत. ही निष्ठा त्याच्यात नसती तर मी काही बोललोच नसतो. आहे, म्हणून तिच्यातला माझा वाटा मागतो.

मालिकेवाले मित्र आणि मैत्रिणी यांचा बचाव सौम्य असतो. 'अर्धा तास तर आहे.' 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. ते सगळे अर्धे तास कोणीतरी कोणाला तरी दारात थांबवूनच पाहिले असणार. आणि आता तर हुकलेला भाग मोबाइलवर केव्हाही मिळतो, त्यामुळे आठच्या ठोक्याची सबबही राहिली नाही. या वर्गात मी बातम्यांच्या चॅनेलवरचे वाद पाहणाऱ्या पुरुषांनाही धरतो, जे स्वतःला मालिकेवाल्यांपेक्षा शहाणे समजतात. मालिका पाहून उठलेला माणूस निदान जेवताना गोड बोलतो.

राहिला शेवटचा बचाव: माझा वेळ, माझा डेटा, तुला काय करायचं? शेजाऱ्याने असं म्हटलं तर ते बरोबर आहे. वडिलांनी मोठ्या मुलाला टोकावं का, यावरही वाद होऊ शकतो. मित्राने म्हटलं तर मात्र साफ चूक. मैत्रीत दुसऱ्याच्या रिकाम्या वेळावर आपला थोडासा हक्क असतो, कागदावर न लिहिलेला. कामाच्या वेळावर नाही, घरच्या वेळावर नाही, पण रिकाम्या वेळावर निश्चित. तो हक्क गेला की उरते ओळख. ओळखीच्या माणसाला वाढदिवसाला मेसेज केला की पुरतं.

म्हणून मंडन एवढंच करायचं आहे की रुसायला शिका, आणि स्वतःच्या नावाने रुसा. संस्कृती, आरोग्य, पुढची पिढी यांना मध्ये आणू नका. 'तू नसला का मजा नाई येत' हे एक वाक्य अभ्यासपूर्ण भाषणाच्या वरचढ आहे, कारण त्याला उत्तर नाही. फार तर मित्र लाजेल.

बोलावलं तर येतात, याला पुरावा अकोल्यातच आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने राजराजेश्वराला येतं. १७-१८ किलोमीटर रात्रभर चालायचं, खांद्यावर भरण्यांचं ओझं, पायाखाली पावसाचा चिखल. ते ओझं वाहणाऱ्यांत तेच पोट्टे असतात ज्यांची एरवी मान वर होत नाही. ते रीलही काढतात, काढू द्या. पण त्या रात्री कोणी घरी राहत नाही, याचं कारण एकट्या भक्तीत शोधू नये. कावड मंडळातली पोरं आधी घरी येऊन जातात, नाव घेऊन हाक मारतात, आणि कावडीखाली एक खांदा कमी झाला तर ते बाकीच्यांना लगेच जाणवतं. आपल्या संध्याकाळच्या बैठकीत कोण कमी आहे हे कोणाला जाणवतं? व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भेटू एकदा' टाकतो, त्यावर सगळ्यांचे अंगठे येतात आणि भेट मात्र होत नाही.

कावड वर्षातून एकदा येते, रोडगे हिवाळाभर होतात. मित्राला 'गप्पा मारायला ये' असं बोलावलं तर तो येणार नाही, कारण गप्पा त्याच्या कानात चालूच आहेत. त्याला काम द्या. गवऱ्या आणायचं एकाकडे, वांगी दुसऱ्याकडे, जाडं पीठ मळायचं ज्याच्या अंगात जोर आहे त्याच्याकडे, आणि आरातले रोडगे उलटायचं गेमवाल्याकडे. त्याची नजर तेज असते, करपू देणार नाही. रोडगे वेळच्या वेळी उलटावे लागतात, तेव्हा त्याचा सामना तिथेच मरेल. टीम शिव्या देईल. दोन्हीकडच्या शिव्या सारख्याच झाल्या म्हणजे हिशेब बरोबर.

यावर कोणी म्हणेल की हा पोरकटपणा आहे, चाळिशीच्या माणसांनी असं रुसून बसू नये. असेल पोरकटपणा. पण ज्याच्यासाठी आपण पोरकट होत नाही तो मित्र कसला? आणि एवढं करूनही तो नाहीच आला, तर त्याच्या वाटणीचा रोडगा मी खाणार, आणि खाल्ला हे त्याला फोन करून सांगणार, सामना चालू असताना.