करटोलीचे बी

पावसाळा लागला की खंडेराव मार्केटात करटोली दिसू लागतात. गुजराती शेजारीण त्यांना कंकोडां म्हणते, आपण करटोली म्हणतो, आणि भाव ऐकून दोघीही क्षणभर थबकतात. मग ही रानवेल आपल्याच परसात का नसावी, असे पुष्कळांस वाटते. हौस स्तुत्य आहे. परंतु सहलीस गेले असता कंद उकरून आणावयाचा, ही तिची रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. पावसानंतर वेल वाळते आणि पुढच्या वर्षी उगवते ती त्या कंदातूनच. तो उपटला की रानातली वेल संपली. शिवाय करटोलीत नर वेल निराळी, मादी वेल निराळी. आणलेला कंद नराचा निघाला तर घरीही फळ नाहीच.

तेव्हा बियांची देवघेव हाच खरा मार्ग. वेलीवर एकदोन फळे पूर्ण पिकू द्यावीत. ती नारिंगी होऊन उकलली म्हणजे आतील लाल गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्यात. देताना हात आखडू नये; दोन बिया देऊन दोन्ही नर निघाले तर घेणाऱ्याने काय करावे? दहाबारा तरी द्याव्यात. बी टणक असते, उगवण्यास वेळ लावते, हेही सांगावे. मादी फुलाखाली इवलेसे काटेरी फळ असते, नराला ते नसते. फुले सायंकाळी उमलतात. त्या वेळी नर फुलाचे पराग मादी फुलास टेकवावेत. रावपुऱ्यातले नर फूल दांडियाबाजारातील वेलीसही चालते! या वेलीस शेजारधर्म जन्मतःच ठाऊक आहे म्हणावयाचे.

प्रत्येक रानझाड मात्र असे निरुपद्रवी नसते. कळलावी घरात लावल्याने भांडणे होतात, ही समजूत खुशाल सोडून द्यावी. पण तिचा कंद जहरी आहे, हे खरे आहे. तिच्या बियांच्या पुडीवर ‘विषारी’ असे ठळक लिहावे, आणि लहान मुले असलेल्या घरी ती देऊच नये. घाणेरीही एके काळी शोभेसाठीच आणली गेली होती. आज ती रानेच्या राने व्यापून बसली आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात अलीकडे प्लॅस्टिकच्या डब्या वाटतात. त्याऐवजी यंदा करटोलीच्या बियांची पुडी द्यावी. कार्तिकापर्यंत जमवलेले बी तोवर वाळून तयार असते, आणि पेरणीला ज्येष्ठ-आषाढापर्यंत सवड असते.