फळांपेक्षा माणूस द्या

परवा इफ्तारच्या तोंडावर अम्मीच्या छातीत कळ आली. आजाऱ्याला रोजाची सूट कुरआननेच दिली आहे, पण अम्मी ऐकेल तर ना! सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात नेलं. एका खाटेवर दोन रुग्ण. जमिनीवर एक मजूर, त्याच्या सलाईनची बाटली हातात धरून उभी असलेली त्याची बायको. डॉक्टर दोनच. केसपेपरची रांग वेगळी, तपासणीची वेगळी. स्ट्रेचर नातेवाइकांनीच शोधायचं आणि ढकलायचं. छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असं वैद्यकशास्त्र सांगतं. अम्मीचा सव्वा तासानं निघाला. अल्लाहचा करम, हृदय ठीक होतं.

त्या दोन डॉक्टरांवर राग काढून काय मिळणार? नांदेडला २०२३ मध्ये चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. डॉक्टर-परिचारिकांच्या जागा भरणं सरकारचंच काम आहे आणि ते मागत राहायलाच हवं.

तोवर आपण काय करतो? रमजानात फळवाटप, फोटोसकट. (गणेशोत्सवातही तेच.) पण त्या दारात सफरचंदापेक्षा माणूस हवा असतो, स्ट्रेचर ढकलणारा, केसपेपर काढून देणारा, 'यांना आधी घ्या' असं आत जाऊन सांगणारा. आमच्या मोहल्ल्यातली पोरं तरावीहनंतर मध्यरात्रीपर्यंत जागीच असतात. दवाखान्याची परवानगी काढून रोज दोघांनी तिथं उभं राहावं. मगरिबच्या वेळी शेजारच्या गणेश मंडळातल्या दोघांनी दार सांभाळावं; आमची पोरं रोजा सोडून, नमाज पढून येतील.