शीळ मंदावली, म्हणून श्वास सुधारला असे नव्हे

9 ऑक्टोबर 2018 रोजी भिलाई पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीत स्फोट होऊन आग भडकली. होरपळलेल्या कामगारांना सेक्टर 9 च्या रुग्णालयात हलवण्यात आले. अशा प्रसंगी साऱ्यांची नजर कातडीवरच्या जखमांवर खिळते. कानांचा उपयोग मात्र फारच कमी होतो.

उष्ण धुराने घशाला आतून सूज येते. आधी आवाज घोगरा होतो, मग श्वास आत घेताना कर्कश शीळ ऐकू येते. वैद्यक तिला स्ट्रायडर म्हणते. येथे भौतिकशास्त्राचा हिशेब निर्दय आहे: संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली की रोध 16 पट होतो, खळबळत्या प्रवाहात त्याहूनही अधिक. शीळ मंदावली की नातेवाइकांना हायसे वाटते; पण कित्येकदा तेव्हा आवाज उमटण्याइतकी हवाच आत जात नसते. श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय त्याआधीच व्हायला हवा.

बेशुद्ध माणसाच्या तुटक आचक्यांनाही लोक श्वास समजतात. वस्तुतः ते हृदय थांबल्याचे लक्षण मानून छातीदाब तत्काळ सुरू करायचा असतो.

सेक्टर 10 सारख्या कामगार वसाहतींत अग्निशामक नळकांडे वापरायला शिकवताना हे ध्वनीही ऐकवले पाहिजेत. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो.