माजी सैनिकाची जागा फाटकावरच का?

आपल्या गावात एखादा जवान सेवानिवृत्त होऊन परततो, तेव्हा एस.टी. स्थानकापासून घरापर्यंत त्याची मिरवणूक निघते. हारतुरे होतात, विहारात वंदना होते, सत्काराची भाषणे होतात. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी तोच जवान शहरालगतच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर, ठेकेदाराने दिलेल्या गणवेशात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक वहीत लिहिताना दिसतो. पहारेकऱ्याच्या कामात कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्याने पंधरा-सतरा वर्षे वायरलेस संच, अवजड वाहने किंवा औषधांचे भांडार सांभाळले, त्याच्यासाठी आपल्या उद्योगांना फाटकाच्या आतली जागा का सुचत नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक होते. पलटणीत मिळालेल्या अक्षरज्ञानाच्या बळावरच त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी सातारा जिल्ह्यात नोकरी केली. खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तलाव बांधत होते, त्या कामावर ते रोखपाल होते. वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या लहानग्या भीमरावांना वाटेत पाण्यासाठी जे सोसावे लागले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. त्या प्रसंगातील एक बाजू मात्र सहसा आपल्या नजरेतून निसटते. समाज ज्याला पाणी देत नव्हता, त्या सुभेदाराच्या हाती पैशांचा हिशेब सोपविण्याइतका विश्वास त्याच्या सैनिकी सेवेने कमावला होता.

आजच्या कंपन्या तेवढा विश्वास दाखवितात काय? उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मी अनेक वर्षे एका खाजगी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होतो. भांडारप्रमुखाच्या पदासाठी आलेल्या अर्जांत एका हवालदाराचा अर्ज होता. अनुभवाच्या रकान्यात त्याने ‘आर्मी सर्व्हिस कोअर, १७ वर्षे’ एवढेच लिहिले होते. कारखान्याचा अनुभव नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवला. काही महिन्यांनी तोच गृहस्थ ठेकेदारामार्फत आमच्याच फाटकावर रुजू झाला. एकदा बोलता बोलता कळले की, लडाखमध्ये बर्फाने रस्ते बंद होण्यापूर्वी संपूर्ण हिवाळ्याचे रेशन आणि इंधन साठवून त्याची नोंद ठेवण्याचे काम त्याने केले होते. आमच्या भांडारात चूक झाली तर एखादी पाळी थांबली असती; तेथे चूक झाली असती तर माणसे उपाशी राहिली असती. त्याला अर्ज लिहिता आला नव्हता, आणि मला तो वाचता आला नव्हता.

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक निवृत्त होतात. त्यांतील बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीत असतात. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, आईवडिलांची औषधे हे सारे त्याच वयात समोर उभे असते. महाराष्ट्रात शासकीय सेवेत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात ‘क’ गटाच्या पदांसाठी १० टक्के आहे. मात्र शासकीय जागा मोजक्याच असल्यामुळे अखेरीस बहुसंख्यांना खाजगी क्षेत्राचेच दार ठोठवावे लागते.

त्या दाराआड बसलेल्यांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे सैनिकी अनुभव वाचायला शिकावे. वाहनदुरुस्ती करणारा, दळणवळण सांभाळणारा, रुग्णसेवा देणारा सैनिक नेमके कोणते काम करू शकतो, याचा तक्ता मनुष्यबळ विभागाने एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या साहाय्याने एकदाच करून ठेवावा. दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र शासन ‘क’ गटातील काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने पात्र मानते. खाजगी कंपन्यांनीही आपल्या जाहिरातींत अशी समकक्षता स्पष्टपणे नमूद करावी.

दुसरी गोष्ट मुलाखतीची. सैनिक ‘मी केले’ असे सहसा म्हणत नाही, ‘आम्ही केले’ असे म्हणतो. हा पलटणीचा संस्कार आहे. मुलाखत घेणाऱ्याला मात्र त्यात कर्तृत्वाचा अभाव दिसतो. अशा वेळी ‘त्यात तुमच्याकडे नेमके काय होते?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी चित्र पालटते.

तिसरी गोष्ट वेतनाची. ‘तुम्हाला पेन्शन आहे, मग एवढा पगार कशाला?’ हे वाक्य अनेकांनी ऐकले आहे. निवृत्तिवेतन ही झालेल्या सेवेची कमाई आहे. नव्या कामाचा मोबदला नव्या कामावरूनच ठरला पाहिजे.

चौथी गोष्ट पहिल्या सहा महिन्यांची. संगणकावरील नोंदी, कार्यालयीन पत्रव्यवहार, वयाने लहान वरिष्ठाच्या हाताखाली काम करणे, हे सारे त्याला नवे असते. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला त्याचा सोबती नेमावे. शक्य तेथे घराजवळची नेमणूक द्यावी, कारण त्याची मुले त्याच्यावाचूनच मोठी झालेली असतात.

सैनिकाला केवळ हुकूम पाळता येतो, स्वतंत्र विचार करता येत नाही, असा आक्षेप काही उद्योजक घेतात. नव्या ठिकाणी आरंभी तो परवानगीची वाट पाहतो, हे खरे आहे. परंतु दहा जवानांच्या सेक्शनचे नेतृत्व करणारा हवालदार अंधारात, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेत असतो. त्याला अधिकार कोठपर्यंत आहे हे एकदा स्पष्ट सांगितले, की तो निर्णय घेतो.

आता या प्रश्नाला नवी धार आली आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेले अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडणार आहेत. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम सेवेत घेतले जातील, अशी मूळ योजना आहे. उरलेल्यांच्या हाती सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी असेल, निवृत्तिवेतन नसेल. पंचविशीच्या आतबाहेरचा, शिस्तीत घडलेला हा तरुण पुन्हा फाटकावरच उभा राहिला, तर तो आपल्या नियोजनाचा पराभव ठरेल. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक दायित्वासाठी खर्च करावा लागतो, आणि माजी सैनिकांचे कल्याण हा त्यातील मान्य विषय आहे. त्या निधीतून सत्कार आणि स्मृतिचिन्हे कमी व्हावीत, प्रशिक्षणवर्ग अधिक निघावेत.

अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका आपण कष्टकऱ्याचे कर्तव्य म्हणून शिकलो. पण सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी काम देणाऱ्याचीही कर्तव्ये सांगितली आहेत, आणि त्यांत माणसाच्या शक्तीनुसार त्याला काम नेमून देणे हे पहिले आहे. शक्तीपलीकडचे काम देणे जसा अन्याय, तसाच शक्ती असताना तिला वाव न देणे हाही अन्यायच होय, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज उद्योजक आहेत, व्यवस्थापक आहेत, आणि काही सैन्यातही आहेत. एकाच पंगतीत जेवलेल्या या दोघांची गाठ पुन्हा घालून देणे माजी विद्यार्थी संघाला अवघड नाही. येत्या वर्षात निवृत्त होणाऱ्यांची यादी करावी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क ठेवावा, अर्जलेखन आणि मुलाखतीचा सराव याच वर्गखोल्यांत एखाद्या रविवारी घ्यावा. आणि ज्यांच्या हाती नेमणुकीचा अधिकार आहे, त्यांनी सैनिकाचा अर्ज समोर आला, तर तो बाजूला ठेवण्यापूर्वी त्याला एकदा बोलावून ऐकून घ्यावे. मी ते केले नव्हते, म्हणून ही विनंती करीत आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!