डीडीटी आले, पुढे काय?

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, अमेरिकी मदतीतून डीडीटी हे कीटकनाशक आले आणि १९६५पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. परकीय मदतीने देश मिंधा होतो, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे आधी खोडून दाखवावेत. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण १९७६मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. पण तेव्हा डासांना औषध पचू लागले होते, फवारणी अपुरी पडत होती आणि घरोघरची पाहणी सैल झाली होती. यातले शेवटचे काम कोणताही परका देश आपल्यासाठी करणार नव्हता.

खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी हा हिशेब नीट कळावा. ताप येतो तो पावसाळ्यात, म्हणजे निंदण-डवरणीच्या ऐन हंगामात. मजुरी बुडते, वर औषधाचा खर्च; म्हणजे हिवतापच गरिबी वाढवतो. गरिबी हटली की हिवताप आपोआप जाईल, हे म्हणूनच अर्धेच खरे. शिवाय शहरी हिवतापाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि नळाला रोज पाणी नसलेल्या घरात टाकी-पिंप भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो (आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, हे सांगणे सोपे). तेव्हा नगरपालिकेचा पाणीपुरवठा हाही आरोग्याचाच खर्च धरायला हवा. मच्छरदाण्या बाहेरून येऊ शकतात. रक्तनमुना घ्यायला दारी येणारा आरोग्यसेवक मात्र आपल्याच तिजोरीतून नेमावा लागेल.