निजलेल्यास न ओळखणारें यंत्र

अमेरिकेंत मुलांकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांस तेथील कित्येक हॉटेलांत उन्हाळ्याच्या मध्यरात्रीं खोली आपोआप तापल्याचा अनुभव येतो. तेथील भिंतीवरच्या थर्मोस्टॅटास एक डोळा असतो. मनुष्यदेहांतून अदृश्य अवरक्त किरण सतत निघतात. देह हलला कीं त्यांत पडणारा फरक तो टिपतो. गाढ झोपलेला, त्यांतून पांघरुणांत गुरफटलेला मनुष्य त्याच्या लेखीं खोलींत नसतोच! मग विजेची बचत म्हणून यंत्र गारवा कमी करतें. रिकाम्या खोलींत वीज जाळणें आम्हांसही रुचत नाहीं. पण तान्ह्या मुलास वा आजाऱ्यास हा उकाडा कसा सोसावा? कांहीं ठिकाणीं दारासही खूणयंत्र जोडलेलें असतें. दार लागल्यावर एकदां हालचाल दिसली, कीं तें पुन्हां उघडेपर्यंत खोलींत माणूस आहे असें धरतात. तशी सोय नसेल तेथें, उतरतांनाच व्यवस्थापकांस सांगून तो डोळा बंद करवावा. फडफडते कागद टांगण्याचा उपाय कोणी सुचवितात. परंतु भोंवतालाइतकाच उष्ण असलेला कागद त्या डोळ्यास क्वचितच दिसतो. रात्रीं तीनदां उठणारे आजोबा ज्या खोलींत असतील, तेथें मात्र यांपैकीं कांहींच करावें लागत नाहीं.